ज्यांचा कागद नाही, त्यांचं काय?

ऐतिहासिक कादंबरी किंवा चित्रपट आला की आपल्याकडे एक ठरलेला वाद पेटतो. एक बाजू म्हणते, इतिहासाची मोडतोड झाली, अस्सल कागद दाखवा. दुसरी म्हणते, ही कलाकृती आहे, लेखकाला स्वातंत्र्य आहे, इतिहास हवा असेल त्याने इतिहासाची पुस्तकं वाचावीत. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं तोंडपाठ आहे, आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे एकाच प्रकारची माणसं आहेत: राजे, सरदार, सेनापती, पुढारी. म्हणजे ज्यांची पत्रं आहेत, सनदा आहेत, बखरी आहेत. त्यांच्याविषयी किती कल्पना करावी हा प्रश्न खरा आहे, पण तो सगळ्या प्रश्नातला सोपा भाग आहे. ज्यांना विकलं, जाळलं, गोळ्या घातल्या आणि ज्यांच्याविषयी एक ओळ लिहून ठेवण्याची कुणालाच गरज वाटली नाही, त्यांच्या बाबतीत ‘कागद दाखवा’ ही मागणी करायची तरी कुणाकडे? माझं म्हणणं असं आहे की अशा माणसांची आठवण टिकवणं हे कथा-कादंबरीचं हक्काचं काम आहे. त्यात इतिहासाच्या हद्दीवर कसलंही अतिक्रमण होत नाही. मात्र ते काम करताना तिने पुराव्याचा आव आणता कामा नये. हे दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि स्वातंत्र्याची बाजू मांडणारे नेमकं तेच गाळतात.

कागद कोण लिहितं आणि कशासाठी, हे आधी बघायला हवं. १७८१च्या अखेरीस लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं ‘झाँग’ नावाचं जहाज आफ्रिकेतून गुलाम भरून जमैकाकडे चाललं होतं. जहाज वाट चुकलं. पाणी पुरणार नाही असं कारण पुढे करून खलाशांनी काही दिवसांत सुमारे १३० जिवंत माणसं समुद्रात फेकली. गुलाम आजाराने मेला तर विम्याची भरपाई मिळत नसे. जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ फेकावा लागला तर मिळत असे. मालकांनी माणशी ३० पौंडांचा दावा लावला, विमेकऱ्यांनी तो नाकारला, आणि प्रकरण १७८३ साली लंडनच्या कोर्टात गेलं. ज्युरीने कौल मालकांच्या बाजूने दिला. पुढच्या सुनावणीत सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड म्हणाले की, ऐकून धक्का बसत असला तरी, गुलाम फेकणं म्हणजे घोडे फेकण्यासारखंच आहे याविषयी ज्युरीला शंका नव्हती. खुनाचा खटला कुणावरही चालला नाही. जहाजाची रोजनिशी गहाळ झाली. आज आपल्याला या घटनेचं जे काही माहीत आहे ते पैशाचा तंटा झाला म्हणून. विमेकऱ्यांनी मुकाट्याने पैसे मोजले असते तर तेवढंही कळलं नसतं. त्या १३० जणांपैकी एकाचंही नाव या कागदांत नाही.

एक तपशील मात्र त्या सुनावणीत ओझरता येऊन जातो. फेकलेल्यांपैकी एकाच्या हाती दोर लागला आणि ते माणूस पुन्हा जहाजावर चढलं. बस, एवढंच. पुढे त्याचं काय झालं, कोर्टाने विचारलं नाही. विम्याच्या दाव्यात त्याला किंमत नव्हती. दोनशेहून अधिक वर्षांनी, १९९७ साली, गयानात वाढलेल्या फ्रेड डी’अग्वियार या लेखकाने या अर्ध्या ओळीवर कादंबरी लिहिली. त्याने ते माणूस एक बाई असल्याचं कल्पिलं, तिला मिंटा हे नाव दिलं, तिला लिहिता-वाचता येतं असं दाखवलं, आणि जहाजावर जे घडलं ते तिच्या हातून लिहून घेतलं. यातलं नाव खोटं आहे, लेखणी खोटी आहे. पण कोर्टाने न विचारलेला प्रश्न त्यात विचारला गेला आहे, आणि तो विचारायला दुसरी कुठलीही जागा उरली नव्हती.

आपल्याकडेही अशा ओळी आहेत. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत, असं तिने लिहिलं आहे. कोण होते ते? कोणाचे कोण लागत होते? घरी परतले नाहीत तेव्हा मागे राहिलेल्यांना काय सांगितलं गेलं? इतिहासकाराने त्या ओळीपाशी थांबलं पाहिजे. पुढे काही माहीत नाही असं म्हणणं हाच त्याचा प्रामाणिकपणा, आणि त्याबद्दल त्याला कुणी दोष देऊ नये. पण आपण सगळ्यांनीच तिथे थांबायचं ठरवलं, तर कोणाची नोंद घ्यावी आणि कोणाची नाही हा जो निवाडा त्या काळच्या धन्यांनी आणि कारकुनांनी केला होता, तोच आपण आज पुन्हा मंजूर करतो.

आणि कागद असला तरी तो बहुतेक वेळा मारणाऱ्याचा असतो. जून १८४५मध्ये अल्जीरियात कर्नल पेलिसिए याच्या फ्रेंच तुकडीने दहरा डोंगरातल्या गुहांच्या तोंडाशी आगी लावल्या आणि आत आश्रयाला गेलेली उलद रियाह टोळी, बायका-मुलं आणि जनावरांसकट, धुरात गुदमरून मारली. शेकडो माणसं मेली. नक्की किती यावर आजही एकमत नाही. पेलिसिएने त्याचा तपशीलवार अहवाल लिहिला. तो पॅरिसमध्ये पोचला तेव्हा गदारोळ झाला. दोन महिन्यांनी सँ-आर्नो या दुसऱ्या अधिकाऱ्याने तसाच प्रकार केला; फक्त तो धडा शिकलेला होता. त्याने गुहेची तोंडं बुजवली, गाजावाजा केला नाही, आणि भावाला लिहिलेल्या पत्रात आत पाचशे जण आहेत हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं कळवलं. अल्जीरियन लेखिका आसिया जेबार हिने १९८५च्या कादंबरीत ही कागदपत्रं ओळ न् ओळ वाचली आहेत. ती स्वतः इतिहासाची अभ्यासक. त्या कादंबरीत एक जागा अशी येते की ती पेलिसिएचे जवळजवळ आभार मानते: निदान त्याने लिहून तरी ठेवलं, म्हणून मला माझ्या माणसांपर्यंत पोचता आलं. मारेकऱ्याच्या अहवालातून मेलेल्यांकडे जाण्याची वेळ एखाद्या लेखिकेवर येते, तेव्हा ‘कल्पना करू नका, कागदाला धरून राहा’ हा उपदेश म्हणजे मारेकऱ्याच्याच नजरेने बघत राहा असं सांगणं होतं.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण. ५-६ डिसेंबर १९२८च्या रात्री कोलंबियातल्या सिएनागा गावी युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी-कंपनीच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. मेले किती? लष्करी अधिकारी कोर्तेस वार्गासने ४७ कबूल केले. अमेरिकी दूतावासाच्या जानेवारी १९२९च्या तारेत, कंपनीच्या माणसाच्या हवाल्याने, हजाराहून जास्त असं म्हटलं आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केझच्या १९६७च्या गाजलेल्या कादंबरीत आकडा तीन हजारांवर जातो आणि प्रेतांनी भरलेली जवळपास दोनशे डब्यांची आगगाडी समुद्राकडे जाते. पुढे एका मुलाखतीत लेखकाने स्वतःच सांगितलं की खरे बळी बरेच कमी असावेत, पण कादंबरीत आख्खी गाडी भरायची होती. तोवर तो आकडा लोकांच्या तोंडी इतिहास म्हणून बसला होता. हा बारीकसारीक दोष नाही. फुगवलेला आकडा नाकारणाऱ्यांच्या हाती कोलीत देतो: तीन हजार खोटे निघाले ना, मग बाकीचंही खोटंच असणार. बळींच्या बाजूने लिहिणाऱ्याकडून बळींचं असं नुकसान झालं, हे मान्य करायलाच हवं, आणि ‘कादंबरीच तर आहे’ म्हणून ते झटकता येत नाही.

पण त्याच कादंबरीत दुसरंही काही आहे, आणि आकड्यावर भांडणारे तिथपर्यंत पोचत नाहीत. त्या मजुरांच्या मागण्या काय होत्या? लेखी करार, आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या कुपनांऐवजी रोख पगार. कंपनीचं म्हणणं होतं की ही माणसं ठेकेदारांनी आणलेली, ती आमची कामगार नाहीतच; मग मागण्यांचा प्रश्न येतो कुठे? कादंबरीत कोर्टाचा निकाल येतो की असे कामगार अस्तित्वातच नव्हते. हत्याकांडातून वाचलेला एक जण गावात परततो, तीन हजार मेले म्हणून सांगतो, आणि जिला सांगतो ती बाई म्हणते, इथे कुणी मेलेलं नाही. हा भाग आकड्यापेक्षा कितीतरी अस्सल आहे. माणसांना आधी हजेरीपटावरून, मग जमिनीवरून आणि शेवटी आठवणीतून कसं पुसतात, याची रीत त्यात जशीच्या तशी पकडली आहे. आकडा चुकला, रीत बरोबर सापडली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दोन्ही सांगण्याची तयारी हवी.

दुसरा आक्षेप मला याहून जड वाटतो. दुसऱ्याच्या दुःखात ‘मी’ म्हणून बोलायचा अधिकार लेखकाला दिला कुणी? अमेरिकेत विल्यम स्टायरन या गोऱ्या कादंबरीकाराने १८३१च्या गुलाम-बंडाचा नेता नॅट टर्नर याच्या तोंडून, प्रथमपुरुषी, कादंबरी लिहिली. ती १९६७ साली आली आणि १९६८ साली दहा कृष्णवर्णीय लेखकांनी तिला आख्ख्या पुस्तकाने उत्तर दिलं: आमच्या माणसाला तुम्ही तुमच्या कल्पनेतला काळा माणूस करून टाकलंत. मराठीत याचं अधिक गुंतागुंतीचं उदाहरण सापडतं. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. एका पुरुषाने यमूच्या तोंडून लिहिलेली ही कहाणी; तिचं वैधव्य आणि बळजबरीचं केशवपन वाचताना शंभरहून अधिक वर्षांनंतरही हात थबकतो. त्याआधी आठ वर्षं, १८८२ साली, ताराबाई शिंदे नावाच्या खऱ्या बाईने ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली होती. सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, त्यावर उठलेल्या चर्चेने चिडून लिहिलेली. कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. ताराबाईंचं पुस्तक मात्र विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे ते नव्या वाचकांच्या हाती आलं. म्हणजे कल्पित बाईचा आवाज टिकला आणि खऱ्या बाईचा दबला.

हे उदाहरण माझ्या बाजूला अडचणीत आणतं, म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. त्यातून यमू लिहायला नको होती असं निघतं का? माझ्या मते नाही. घराच्या माजघरात ज्या मुलींच्या डोक्यावरून वस्तरा फिरला, त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, आणि जनगणनेत विधवांचे आकडे मिळतात, वस्तरा फिरताना बाईला काय वाटलं ते मिळत नाही. ते आपट्यांच्या कादंबरीने घराघरांत पोचवलं. मात्र निघतं ते असं: बळी स्वतः बोललेला असेल, तर त्याचं बोलणं पुढे आणण्याची जबाबदारी आधी, कल्पनेची पाळी नंतर. दलित आत्मकथनांनी मराठीत हेच करून दाखवलं. ज्यांच्याविषयी कळवळ्याने लिहिलं जात होतं ते स्वतः लिहू लागले, आणि कळवळ्याचं बरंचसं साहित्य एका दशकात फिकं पडलं. कादंबरीची गरज तिथे सगळ्यात जास्त असते जिथे बोलणारं कुणीही शिल्लक नाही.

आणि साक्ष म्हणून कल्पना विकणं हा तर सरळ गुन्हा आहे. १९९५ साली बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने नाझी छळछावणीतल्या बालपणाच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या, नावाजल्या गेल्या. तीन वर्षांनी एका पत्रकाराने उघड केलं की लेखक त्या छावण्यांत कधीच नव्हता, त्याचं बालपण स्वित्झर्लंडमध्ये गेलं. तेच पुस्तक कादंबरी म्हणून आलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. ते आठवणी म्हणून आलं, आणि खरोखर वाचून आलेल्या माणसांच्या प्रत्येक शब्दावर संशयाची सावली टाकून गेलं.

तिसरा आक्षेप असा की कथा दुःखाला आकार देते, शेवट देते, एक तरी वाचलेलं माणूस देते. खऱ्या संहारात बहुतेक जण मरतात आणि त्यांच्या मरणाला कसलाही आकार नसतो. मिंटाही दोर धरून वर येते. बुडालेल्या बाकीच्यांची कथा कोण लिहिणार? मला याचं पुरेसं उत्तर सुचत नाही. पण एक पान आठवतं. रशियन लेखक वासिली ग्रॉसमन हा युद्धवार्ताहर होता. नाझींच्या त्रेब्लिंका इथल्या संहारछावणीवरचा त्याचा वृत्तांत १९४४चा, म्हणजे अगदी पहिल्या काहींपैकी. इल्या एरेनबुर्गबरोबर त्याने ज्यूंच्या हत्याकांडाच्या साक्षी गोळा करून ग्रंथ तयार केला. १९४८ साली सोव्हिएत सरकारने त्याची छपाईसाठी केलेली जुळणीच मोडून टाकली. म्हणजे कागद जमवण्याचं काम या माणसाने कुठल्याही इतिहासकाराइतकं केलेलं होतं. सप्टेंबर १९४१मध्ये बेर्दिचिव शहरात त्याची आई इतर हजारो ज्यूंबरोबर मारली गेली. तिचं शेवटचं पत्र त्याला कधी आलं नाही. त्याच्या मोठ्या कादंबरीत एक प्रकरण म्हणजे घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठी आखलेल्या बंदिस्त वस्तीत, कोंडलेल्या आईने मुलाला लिहिलेलं लांबलचक शेवटचं पत्र आहे. शेजाऱ्यांनी तिच्या खोलीतलं सामान कसं वाटून घेतलं, घेट्टोत जाताना तिने बरोबर काय घेतलं, हे सगळं त्यात आहे. ती बाई वाचत नाही. तिला कुणी वाचवत नाही. ज्याने साक्षीपुरावे गोळा करण्यात आयुष्याची वर्षं घातली त्यालाही हे पत्र लिहावं लागलं, कारण खरं पत्र जगात कुठेच नव्हतं. याला इतिहासाची मोडतोड म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने ते प्रकरण वाचून मग म्हणावं.

फेब्रुवारी १९६१मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्त पोलिसांनी ग्रॉसमनच्या घरी येऊन त्या कादंबरीची हस्तलिखितं उचलली, आणि टंकलेखन यंत्राच्या फितीसुद्धा नेल्या. लेखक मोकळा, कादंबरी अटकेत. ती स्वित्झर्लंडमध्ये १९८० साली छापली गेली, तेव्हा लेखकाला जाऊन सोळा वर्षं झाली होती. ऑटोमन तुर्की राजवटीने केलेल्या आर्मेनियन लोकांच्या संहारावरच्या कादंबरीचंही असंच. फ्रान्झ वेर्फेल या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या लेखकाने दमास्कसमध्ये गालिच्यांच्या कारखान्यात राबणारी उपाशी आर्मेनियन अनाथ मुलं पाहिली आणि मूसा दाग डोंगरावरच्या १९१५च्या प्रतिकारावर कादंबरी लिहिली. ती १९३३ साली आली, पुढच्या वर्षी जर्मनीत तिच्यावर बंदी आली. हॉलिवूडमध्ये एमजीएम तिच्यावर चित्रपट काढणार होती. तुर्की सरकारच्या दबावाखाली तो बेत सोडला गेला. कथेत ताकद नसती तर कोणत्या सरकारने एवढे कष्ट घेतले असते? पोलंडमधल्या घेट्टोंत कोंडलेले ज्यू तीच कादंबरी हातोहात फिरवून वाचत होते. एका संहाराची कथा दुसऱ्या संहाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांना आपल्यावर काय येऊ घातलं आहे ते सांगत होती. डोंगरावरचा खरा लढा चाळीस दिवसांहून जास्त चालला होता, कादंबरीने चाळीस केले. त्या वाचकांपैकी कुणी दिवस मोजत बसलं असेल असं मला वाटत नाही.

इतिहासकारांचं काम याने कमी होत नाही. अटलांटिक गुलाम-व्यापाराच्या जहाजनोंदी जुळवून त्यांनी दाखवून दिलं की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली. मधला फरक १८ लाखांचा. हा आकडा कुठलीही कादंबरी देऊ शकत नाही, आणि तो देण्याचा तिने प्रयत्नही करू नये. पण १८ लाख हा आकडा वाचून माणूस पुढच्या ओळीकडे जातो, हेही तितकंच खरं. त्यांतल्या एकाबरोबर तीनशे पानं राहिलेला वाचक त्या आकड्याकडे परत येतो तेव्हा तो आकडा त्याला वेगळा दिसतो. ही वाटणी दोन्ही बाजूंनी पाळली तर भांडणाला फारसं काही उरत नाही.

म्हणून अशा कादंबरीकारांकडे आणि प्रकाशकांकडे माझी एक साधी मागणी आहे. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं द्या. घडलेलं काय, कुठल्या कागदावरून घेतलं, कुठली माणसं कल्पित, आणि आकडा नक्की ठाऊक नसेल तर ठाऊक नाही, असं स्पष्ट लिहा. त्याने कथेचा प्रभाव ओसरतो असं लेखकांना वाटतं. जेबारची कादंबरी वाचून ती भीती निराधार असल्याचं कळतं, कारण तिथे कागद उघड्यावर ठेवलेला आहे आणि कल्पना त्याच्या शेजारीच उभी आहे. आणि ‘अस्सल साधनं कुठे आहेत’ असं विचारणाऱ्यांनी हा प्रश्न जितक्या आवाजात कादंबरीकाराला विचारला, तितक्याच आवाजात दप्तरखान्यांनाही विचारावा: वेठीला धरलेल्यांच्या याद्या कुठे आहेत, तुरुंगात मेलेल्यांच्या नोंदवह्या कुठे आहेत, दुष्काळात मदतकामांवर दगावलेल्यांचे हजेरीपट कुणी जपले, आणि जपले असतील तर ते वाचायला कुणाला मिळतात?